चांदरात, हादगा आणि चिंचोके : बालगणिताचा घरगुती इतिहास

गणित हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर फळा, पाढे आणि मास्तरांची छडी उभी राहते. गणिताची सुरुवात पहिलीच्या वर्गात होते, त्यापूर्वी मूल केवळ खेळते, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. ही समजूत किती अपुरी आहे हे पाहावयाचे असेल तर कोणत्याही घरात सणाच्या आदल्या दिवशी जावे. ईदला किती दिवस राहिले, ताटात करंज्या किती, पाहुणे किती आणि वाट्या किती, मोठ्या भावाला जास्त मिळाले काय, असे प्रश्न तीन-चार वर्षांचे मूल त्या दिवशी विचारते. हे सर्व प्रश्न गणिताचे आहेत, आणि कोणी सांगितले म्हणून नव्हे तर गरज पडली म्हणून ते विचारले जातात. प्रस्तुत लेखात सण, घरातील टाकाऊ वस्तू आणि बालकांचे अंकज्ञान यांचा संबंध कसा जुळत गेला याचा थोडा इतिहास आपल्यासमोर मांडावयाचा आहे. हा इतिहास सलग नाही. तो जर्मनीत सुरू होतो, आपल्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येतो, आणि मधल्या काळात अनेक घरांच्या माजघरांतून जातो, जेथे काय घडले हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

प्रथम हॅम्बुर्ग शहराकडे वळू. तेथे योहान हिन्रिख विखर्न नावाच्या तरुण धर्मोपदेशकाने १८३३ साली निराधार व गरीब मुलांसाठी एक वसतिगृह काढले. ‘राउएस हाउस’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. नाताळ जवळ आला की मुले रोज एकच प्रश्न विचारीत, नाताळ केव्हा? रोज तोच प्रश्न आणि रोज तेच उत्तर! १८३९ साली विखर्न यांनी बैलगाडीच्या चाकासारखे एक मोठे लाकडी चाक टांगले आणि त्यावर मेणबत्त्या बसविल्या. रविवारसाठी मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांसाठी लहान लाल. नाताळपूर्वीच्या चौथ्या रविवारपासून रोज एक मेणबत्ती अधिक पेटवावयाची. त्या वर्षी हा रविवार १ डिसेंबरलाच आला होता, म्हणून चार मोठ्या आणि वीस लहान अशा चोवीस मेणबत्त्या लागल्या. दुसऱ्या वर्षी हा आकडा बदलतो, कारण तो रविवार पुढेमागे सरकतो. बावीसपासून अठ्ठावीसपर्यंत कोणतीही संख्या येऊ शकते.

वाचकांनी या साध्या चाकाकडे जरा थांबून पाहावे अशी माझी विनंती आहे. ज्याला अक्षरओळख नाही अशा मुलालाही हे चाक एका दृष्टिक्षेपात तीन गोष्टी सांगते. किती दिवस गेले, किती राहिले, आणि एक मोठी व सहा लहान अशी आठवड्याची घडण कशी असते. सांगायचे तर बेरीज, वजाबाकी आणि सातांचा गट या तिन्ही गोष्टी एकाच चाकावर! विखर्न यांना गणित शिकवावयाचे नव्हते, मुलांची हुरहूर शमवावयाची होती. परंतु ज्या गोष्टीची मुलाला मनापासून वाट पाहावयाची असते तीच मोजण्यात त्याला रस वाटतो, हे त्यांना अनुभवाने कळले असावे.

त्याच देशात गरीब घरांमध्ये याहून स्वस्त युक्ती होती. दारावर किंवा भिंतीवर खडूने चोवीस रेघा ओढावयाच्या आणि मुलाने रोज एक पुसावयाची. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी म्युनिकच्या गेऱ्हार्ड लांग या गृहस्थांनी अशी दिनदर्शिका छापून विकण्यास सुरुवात केली आणि ती जगभर पसरली. लांग यांच्या लहानपणी त्यांच्या आईने एका पुठ्ठ्यावर चोवीस लहान बिस्किटे लावून दिली होती आणि ते रोज एक खात असत. त्या आठवणीतूनच त्यांना ही कल्पना सुचली. छापणाऱ्याचे नाव इतिहासात राहिले, पुठ्ठा करणारी माता मात्र ‘लांग यांची आई’ एवढ्याच ओळखीने उरली. बालशिक्षणाच्या इतिहासात हे वारंवार घडलेले आहे.

आता आपल्या घराकडे येऊ. नाताळची गणना उलटी आहे, चोवीसवरून खाली उतरणारी, कारण शेवटचा दिवस आधीपासून ठाऊक असतो. रमजानची गणना तशी होऊच शकत नाही. महिना एकोणतीस दिवसांचा की तीस, हे शेवटच्या संध्याकाळी चंद्र दिसेपर्यंत ठरत नाही. म्हणून रमजानमध्ये उरलेले दिवस मोजता येत नाहीत, झालेले दिवस मोजावे लागतात. बालशिक्षणाच्या दृष्टीने हा भेद फार मोलाचा आहे. उलटी मोजणी आणि सुलटी मोजणी ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, आणि मुलाला दोन्ही यावी लागतात.

हे घरी करावयाचे असेल तर खर्च शून्य आहे. इफ्तारच्या वेळी खाल्लेल्या खजुरांपैकी एक बी धुऊन, पुसून मुलाच्या हातात द्यावी आणि ती काचेच्या बरणीत टाकावयास सांगावी. रोजा एक, बी एक. दर शुक्रवारी बरणी चादरीवर ओतून दहा-दहाच्या रांगा लावाव्यात. तिसरी रांग भरत येते तेव्हा चार-पाच वर्षांच्या मुलाला जी उत्सुकता लागते ती कोणत्याही पुस्तकाने निर्माण होणार नाही. एकोणतिसाव्या संध्याकाळी रांगेत एक जागा रिकामी असते. ती भरणार की नाही हे आकाश ठरविणार!

येथे भाषेची एक गंमत आहे. ‘एकोणतीस’ या शब्दाचा अर्थच ‘एकाने उणे तीस’ असा आहे. उर्दूतील ‘उनतीस’ही तसाच. लहान मुलांना हे शब्द फार जड जातात. अठ्ठावीसनंतर ‘एकोणतीस’ का म्हणावयाचे, त्यात तीस कोठून आले, हे त्यांना उमगत नाही आणि शिकवणारेही सहसा सांगत नाहीत. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी संख्यावाचनाची पर्यायी पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला हे आपणांस आठवत असेल. भाषेचे नुकसान होईल असे एक पक्ष म्हणत होता, मुलांचा गोंधळ कमी होईल असे दुसरा. दोन्ही बाजूंत तथ्य होते. परंतु बियांच्या तीन रांगांत एक जागा रिकामी ठेवून ‘हे पाहा, तिसाला एक उणे’ असे दाखविले तर जुना शब्दच स्वतःची फोड स्वतः करून दाखवितो, हे त्या वादात कोणी फारसे बोलले नाही. एकोणीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, सगळ्यांची किल्ली तीच आहे.

चांद्रवर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असल्याने आपले सण दर साल दहा-अकरा दिवस अलीकडे येतात आणि सुमारे तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतात. २०१८ साली रमजान मे-जूनमध्ये आला होता. त्यावेळी बहुतेक बालवाड्यांना सुट्टी होती. म्हणजे ज्या वर्षी शाळा हा खेळ घेऊ शकत नाही, त्या वर्षी तो घरानेच घ्यावा लागतो. शाळेच्या ठरीव वेळापत्रकात न बसणारा सण म्हणून याकडे कोणी अडचण म्हणून पाहील, मला ती सोय वाटते.

बालशिक्षणाचा औपचारिक इतिहास सांगताना फ्रीड्रिख फ्रोबेल यांचे नाव प्रथम घेतले जाते. थुरिंगियातील ब्लांकेनबुर्ग येथे त्यांनी १८३७ साली लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० साली तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. लोकरीचे सहा रंगीत चेंडू, मग लाकडी गोल, घन आणि दंडगोल, मग आठ लहान घनांत विभागलेला एक घन, अशी त्यांची ‘देणगी’ नावाची साधनमाला होती. आठ तुकडे पुन्हा एक होतात, एकाचे दोन अर्धे होतात, हे मूल हाताने शिकते. प्रशियाच्या सरकारला हे खेळ इतके संशयास्पद वाटले की १८५१ साली किंडरगार्टनवर बंदी आली आणि ती उठण्यास १८६० साल उजाडले. तोपर्यंत फ्रोबेल निवर्तले होते.

त्यानंतर मारिया मॉन्टेसरी. रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी उघडले. हा दिवस इटलीतील मुलांच्या आवडीच्या सणाचा, त्या दिवशी त्यांना भेटी मिळतात. मॉन्टेसरींच्या गणितसाधनांपैकी एकाचे वर्णन येथे आवश्यक आहे. लाकडी पेटीचे दहा कप्पे असतात, त्यांवर शून्यापासून नऊपर्यंत अंक. मुलाने प्रत्येक कप्प्यात त्या अंकाइतक्या लाकडी चात्या टाकावयाच्या. एकूण चात्या पंचेचाळीस. मोजणी बरोबर झाली तर शेवटी हातात एकही उरत नाही, चूक झाली तर चाती तरी उरते किंवा कमी तरी पडते. म्हणजे चूक दाखविण्यासाठी बाईंनी ओरडण्याची गरज नाही. शून्याचा कप्पा रिकामाच राहतो. ‘काहीच नाही’ यालाही एक जागा आणि एक चिन्ह असते हे मूल तेथे पाहते. शून्याला अरबीत ‘सिफ्र’ म्हणतात. हिंदुस्थानातून हे अंक अरबांकडे आणि तेथून युरोपात गेले हे आपण जाणतोच. रोमच्या त्या पेटीतील पहिला कप्पा बराच लांबचा प्रवास करून आला होता म्हणावयाचा!

आता या पंचेचाळीसच्या आकड्याशेजारी आपल्या मराठी मुलखातील हादगा ठेवून पाहा. हस्त नक्षत्राच्या सुमारास मुली पाटावर हत्तीचे चित्र काढून त्याभोवती फेर धरतात. अनेक ठिकाणी अशी रीत आहे की पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, असे वाढवीत सोळाव्या दिवशी सोळा. नवरात्रातील नऊ दिवसांच्या भोंडल्यात हाच क्रम धरला तर एकूण गाणी किती होतील? एक अधिक दोन अधिक तीन असे नऊपर्यंत, म्हणजे पंचेचाळीस. मॉन्टेसरींच्या पेटीतील चात्यांइतकीच! सोळा दिवसांच्या हादग्याची बेरीज १३६ येते. फेर धरणाऱ्या मुलींपैकी कोणीही ही बेरीज करीत नसे. पण ‘काल पाच झाली, आज सहावे बाकी आहे’ ही जाणीव पाच वर्षांच्या मुलीलाही असे, आणि गाणे राहिले तर ती घरी जाऊ देत नसे. ही जाणीव म्हणजे संख्यांचा क्रम आणि दर पायरीला एकाची वाढ. पेटीतही तेच आहे. फरक एवढाच की पेटीवर शून्य ते नऊ अंक लिहिलेले असतात आणि हादग्यात अंक कोठेच लिहिलेला नसतो. या फरकाकडे पुढे पुन्हा येऊ.

ठिपक्यांच्या रांगोळीचेही तसेच. ‘सात ते चार’ असे म्हटले की मधल्या ओळीत सात ठिपके आणि दोन्ही बाजूंना सहा, पाच, चार असे उतरत जावयाचे, हे आपल्या शेजारणींना तोंडपाठ असते. एकूण ठिपके सदतीस. लहान मुलासाठी ‘तीन ते दोन’ पुरे. वर दोन, मध्ये तीन, खाली दोन, असे सात ठिपके होतात आणि एक षट्कोनी फूल तयार होते. यासाठी दिवाळीच पाहिजे असे नाही. ज्या घरी रांगोळीची चाल नाही तेथे ईदच्या ताटात सात काजू याच मांडणीने ठेवता येतात.

फ्रोबेल-मॉन्टेसरींच्या कल्पना आपल्याकडे आल्या त्या प्रथम ज्यांना परवडतात त्यांच्याकडे. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली दक्षिणामूर्ती बालमंदिर काढले. मुंबईच्या ताराबाई मोडक तेथे त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. मॉन्टेसरींचे साहित्य गुळगुळीत लाकडाचे, मापात काटेकोर आणि महाग. शहरातील सुखवस्तू कुटुंबांच्या बालमंदिरात ते शोभत असे. खेड्यात काय करावयाचे? हा प्रश्न ताराबाईंना सतावीत होता आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी त्या १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. ग्राम बालशिक्षा केंद्र तेथे सुरू झाले. तेथेच अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या.

बोर्डीच्या कामाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यामुळे येथे दोनच गोष्टी सांगतो. पहिली अशी की हरिजन वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातून रूढ झाला. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ गटांत सुरू केली, तेव्हा गावोगावच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. आज देशाच्या कानाकोपऱ्यात हा शब्द ऐकू येतो, परंतु तो एका किनाऱ्यावरच्या गावातील नकारातून जन्मला हे फार थोड्यांच्या ध्यानात असते.

दुसरी गोष्ट साहित्याची. समुद्रकाठचे शिंपले, नदीतले गोटे, चिंचोके, पाने, बांबूच्या काड्या, चिकणमाती ही साधने त्यांनी बालवाडीत आणली. यात केवळ काटकसर पाहणे चूक होईल. शिंपले मोजणारे मूल त्यांना आधीपासून ओळखत असते. कोणता मोठा, कोणता फुटका, कोणता कोठे सापडतो हे त्याला बाईंपेक्षा अधिक माहीत असते. त्यामुळे लहान-मोठे लावणे, सारखे एकत्र करणे, जोड्या जुळविणे या गणितपूर्व गोष्टी त्याने घरच्या अंगणातच निम्म्याहून अधिक केलेल्या असतात. बाईंचे काम त्यांना नाव देण्याचे. १९५७ च्या सुमारास हे कार्य डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि आदिवासी मुलांमध्ये वाढले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा भरविण्याचा प्रयोगही तेथलाच. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या गेल्या आणि अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत, हे काम चालविले. (कोसबाड आता पालघर जिल्ह्यात मोडते. हा जिल्हा २०१४ साली झाला.)

केंद्र सरकारनेही २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षे हा पाया मानला आणि २०२३ साली या वयासाठी ‘जादुई पिटारा’ नावाची खेळण्यांची पेटी काढली. पेटी चांगली आहे. मात्र पेटी कपाटात कुलूपबंद ठेवण्याची आपली जुनी सवय पाहता, चिंचोके मला अधिक भरवशाचे वाटतात. हरवले तर पुन्हा मिळतात, म्हणून बाई ते मुलांच्या हातात निर्धास्त देतात.

येथपर्यंतचे वाचून कोणास वाटेल की घरात सण आहेत, खेळ आहेत, तेव्हा मुले आपोआप गणितात हुशार होतील. वाचकहो, असे होत नाही, आणि या लेखाचे खरे दुखणे येथेच आहे. २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे कोलकाता व दिल्ली येथील संशोधन प्रसिद्ध झाले. बाजारात भाजी व इतर माल विकणारी मुले तोंडी हिशोब झटपट व अचूक करीत होती. तीच मुले कागदावर मांडलेले साधे उदाहरण सोडविताना अडखळत होती. उलट, शाळेत जाणाऱ्या पण बाजारात न बसणाऱ्या मुलांना कागदावरचे बरेच येत होते, पण तोच हिशोब बाजारातील व्यवहारात करता येत नव्हता. आपल्या मोहल्ल्यात सायंकाळी अंड्यांच्या किंवा फळांच्या गाडीवर बापाला मदत करणारी मुले आपण रोज पाहतो. दहा रुपयांना तीन तर पन्नास रुपयांना किती, हे ती बोलता बोलता सांगतात. ती शाळेत गणितात नापास होतात आणि ‘याचे डोके चालत नाही’ असा शिक्का बसून सातवी-आठवीत गळतात. डोके चालत नसते तर गाडी चालली असती काय?

याच्या आधीचा एक प्रयोग लहान मुलांवरचा आहे. दिल्लीच्या गरीब वस्त्यांतील बालवाड्यांत ‘प्रथम’ या संस्थेच्या साहाय्याने संख्या व आकारांचे खेळ घेण्यात आले. २०१७ साली ‘सायन्स’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. मुलांची अंदाजाने कमीजास्त ओळखण्याची शक्ती वाढली आणि ती वर्षभरानंतरही टिकली. परंतु पहिलीच्या वर्गातील गणितात त्याचा उपयोग दिसला नाही. कारण शाळेचे गणित शब्दांत आणि चिन्हांत असते, खेळ मात्र ठिपक्यांत राहिले होते.

आता मघाची हादग्याची गोष्ट आठवा. फेरात क्रम होता, वाढ होती, पण अंक लिहिलेला नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या मुली पंचेचाळीसपर्यंत गात आल्या आणि त्यांपैकी कितीतरींना पंचेचाळीस लिहिता आले नाही. खेळ आणि पाटी यांच्यामध्ये जो पूल लागतो तो कोणी बांधला नाही. श्रीमंत घरात तो नकळत बांधला जातो, कारण तेथे आई बोलता बोलता कॅलेंडरवर बोट ठेवते, पुस्तकाच्या पानाचा आकडा वाचते. आपल्या घरांत तो जाणूनबुजून बांधावा लागेल.

हा पूल किती स्वस्तात बांधता येतो याचा एक आशादायक दाखला अमेरिकेतील आहे. गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर यांनी २००८ साली गरीब कुटुंबांतील चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी एक पट तयार केला. एका ओळीत सारख्या आकाराची दहा घरे, त्यांत १ ते १० अंक. १ आणि २ एवढेच आकडे असलेली एक फिरकी. मुलाने सोंगटी पुढे नेताना घरातील अंक मोठ्याने म्हणावयाचा. तिसऱ्या घरात असताना दोन पडले तर ‘एक, दोन’ म्हणावयाचे नाही, ‘चार, पाच’ म्हणावयाचे. दोन आठवड्यांत चार वेळा, दर वेळी पंधरा-वीस मिनिटे, एवढेच. तेवढ्याने अंक ओळखणे, मोजणे, लहान-मोठी संख्या सांगणे यांत स्पष्ट प्रगती दिसली आणि नऊ आठवड्यांनंतरही ती टिकून होती. अंकांऐवजी केवळ रंगांची घरे असलेला पट खेळलेल्या मुलांत ती दिसली नाही. म्हणजे गुण खेळाचा होता तसाच घरात लिहिलेल्या अंकाचा आणि मोठ्याने उच्चारलेल्या शब्दाचाही होता.

असा पट लग्नपत्रिकेच्या पाठीवर होतो. पहिल्या घरापूर्वी आपले घर काढावे, दहाव्या घरापुढे ईदगाह. सोंगटी म्हणून शर्टाचे बटण चालते. काही घरांत फाशांना हरकत असते आणि ती रास्तही आहे. येथे फासे लागतच नाहीत. एक चिंचोका फोडून घ्यावा, पांढरी बाजू वर पडली तर एक, काळी पडली तर दोन. दिवाळीला त्याच पटाच्या शेवटी आकाशकंदील काढावा, नाताळला शेजारच्या मुलासाठी तारा. मात्र अंक प्रत्येक घरात ठळक लिहावेत, आणि मूल ज्या भाषेत बोलते त्या भाषेत ते म्हणू द्यावेत. घरी दखनी किंवा कोकणी बोलणाऱ्या मुलाने ‘च्यार’ म्हटले म्हणून त्याला तेथे अडवू नये, ते पुढे सुधारते.

बरणीलाही हाच नियम लावा. बिया ओतून रांगा लावल्या की त्या दिवसाचा आकडा कागदाच्या चिठ्ठीवर लिहून बरणीला चिकटवावा. रोज नवी चिठ्ठी जुनीवर. तीन वर्षांखालील मूल घरात असेल तर बिया आणि चिंचोके त्याच्या हाती पडू देऊ नयेत, ते नाकात घालते, त्याच्यासाठी मोठी बटाट्याएवढी वस्तू बरी.

फितऱ्याचा दिवस मला सर्वांत उत्तम वाटतो. ईदच्या नमाजापूर्वी घरातील प्रत्येक माणसामागे, पाळण्यातल्या बाळामागेदेखील, ठराविक माप धान्य किंवा त्याची किंमत द्यावयाची असते. चार वर्षांच्या मुलाला घरभर फिरवून माणसे मोजावयास सांगा. पहिल्या खेपेला ते स्वतःला मोजावयास विसरते, बहुतेक सर्व मुले विसरतात. मग प्रत्येकासाठी एक वाटी गहू ताटात टाकावयास लावा. माणूस एक, वाटी एक, ही जोडी जुळविणे म्हणजे मोजणीचा पाया. जाँ पियाजे यांनी १९४१ साली संख्याज्ञानावरील ग्रंथात फुले आणि फुलदाण्या, अंडी आणि अंड्यांचे पेले यांच्या जोड्या लावून हेच तपासले होते. फुले एकत्र गोळा केली की लहान मुलाला ती कमी झाली असे वाटते, असे त्यांना आढळले. आपणही गव्हाच्या वाट्या परातीत ओतल्यावर विचारून पाहा, ‘आता कमी झाले की तेवढेच आहे?’ उत्तर चुकले तर रागावू नका. काही वर्षांनी तेच मूल बरोबर उत्तर देईल आणि असा प्रश्न विचारल्याबद्दल आपल्यालाच हसेल.

बकरी ईदला वाटे तीन होतात, एक घरचा, एक नातेवाईक-मित्रांचा, एक गरिबांचा. मांसाचे वाटे मुलांकडून करवून घेण्याची गोष्ट नव्हे, पण त्याच दिवशी खजुराची थाळी त्यांच्यापुढे ठेवता येते. तीन कागदांवर घर, काका आणि फकीरबाबा यांची चित्रे काढा आणि एकेक खजूर पाळीपाळीने ठेवावयास सांगा. नऊ खजूर असले तर काम सहज होते आणि मूल प्रत्येक कागदाखाली ३ लिहिते. दुसऱ्या वेळी मुद्दाम दहा द्यावेत. तीनदा फेरी झाल्यावर एक हातात उरतो, मूल आपल्या तोंडाकडे पाहते, आणि आपण काही बोलावयाचे नाही.